टास्मान समुद्रापलीकडचे शेजारी : ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड कौटुंबिक प्रवासाच्या खर्चाचा इतिहास

प्रस्तावना

मराठी मध्यमवर्गात 'ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड' हे नाव जोडीनेच उच्चारले जाते. सहल-कंपन्यांच्या पत्रकांत ती एकच सहल असते, क्रिकेटच्या दौऱ्यांमुळे ती जोडी कानात बसलेली असते आणि शालेय नकाशात हे दोन देश उजव्या कोपऱ्यात खाली एकमेकांशेजारी दिसतात. प्रत्यक्षात सिडनी व ऑकलंड या शहरांच्या दरम्यान सुमारे २,२०० कि.मी. रुंदीचा टास्मान समुद्र पसरलेला आहे. मुंबईपासून दुबई याहून जवळ आहे. असे असूनही या दोन देशांतील सामान्य कुटुंबे एकमेकांकडे सुटीला जातात, व तेही फारसा विचार न करता. हे कसे शक्य झाले, कोणासाठी शक्य झाले आणि भारतातून जाणाऱ्या कुटुंबाला त्याचा कितपत लाभ मिळतो, या प्रश्नांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण घरगुती आहे, हे येथेच नमूद करणे योग्य होईल. लेखिकेचे सासरे निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. त्यांची मुलगी मेलबर्नला व पुतण्या ऑकलंडला स्थायिक आहे. 'एकदाच जाऊ, पण दोघांकडे जाऊ' ही त्यांची इच्छा. पाच जणांचे कुटुंब, सहायक प्राध्यापकाचा पगार आणि दोन मुलांच्या शाळा, एवढ्या भांडवलावर प्रवासाचा अंदाज काढावयास बसले असता खर्चाच्या प्रत्येक रकान्यामागे काही इतिहास आहे, असे जाणवू लागले.

सामान्यतः प्रवासाचा खर्च अंतरावर अवलंबून असतो असे आपण गृहीत धरतो. टास्मान समुद्राचा इतिहास पाहता हे गृहीतक टिकत नाही. गेल्या दीडशे वर्षांत समुद्र तेवढाच राहिला. बदलले ते भाडे, भरपगारी रजेचा कायदा, विमान कंपन्यांवरील निर्बंध आणि कोणाला परवानगी लागते व कोणाला लागत नाही याविषयीचे नियम.

एक प्रशासन, मग दोन

एबेल टास्मान या डच खलाशाने इ.स. १६४२ मध्ये एकाच सफरीत टास्मानिया व न्यूझीलंड या दोन्ही भूमी पाहिल्या. ब्रिटिश अंमल आल्यावर १८४० मध्ये न्यूझीलंड काही काळ न्यू साऊथ वेल्स वसाहतीचा भाग होते. १८४१ मध्ये ती स्वतंत्र वसाहत झाली. १८९० साली मेलबर्न येथे भरलेल्या संघराज्यविषयक परिषदेत न्यूझीलंडचे प्रतिनिधी सर जॉन हॉल यांनी मधल्या बाराशे मैलांच्या खवळत्या समुद्राकडे बोट दाखवून, निसर्गानेच या ऐक्यात बाराशे अडथळे घातले आहेत अशा आशयाचे विधान केले होते. पुढे १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाचे संघराज्य अस्तित्वात आले. त्याच्या घटनेच्या सहाव्या कलमात संभाव्य घटक राज्यांमध्ये न्यूझीलंडचे नाव आहे, व ते आजही तेथेच आहे. न्यूझीलंडने नेमलेल्या शाही आयोगाने १९०१ मध्ये सामील न होण्याची शिफारस केली आणि तो विषय मागे पडला.

सर जॉन यांचे मैल बरोबर होते, परंतु अडथळ्याची कल्पना अपुरी होती असे म्हणावे लागेल. सिडनीहून पर्थ सुमारे ३,३०० कि.मी. दूर आहे, म्हणजे ऑकलंडपेक्षा कितीतरी लांब. तरीही पर्थ त्याच देशात राहिले व ऑकलंड परदेश ठरले.

आगबोटींचा काळ

१८७५ मध्ये डनिडिन येथे जेम्स मिल्स यांनी 'युनियन स्टीम शिप कंपनी ऑफ न्यूझीलंड' स्थापन केली. लगेच पुढील वर्षी दोन्ही देशांदरम्यान समुद्राखालून तारेची केबल टाकण्यात आली. पत्र, माल आणि माणूस या तिन्हींची ये-जा वाढली. ही कंपनी एवढी पसरली की लोक तिला 'दक्षिणेचा ऑक्टोपस' म्हणू लागले. १८९३ मध्ये मेलबर्नच्या हडार्ट पार्कर कंपनीने टास्मान मार्गावर आपल्या बोटी आणल्या, तेव्हा दोघांत भाडेकपातीची चढाओढ जुंपली. सामान्य प्रवाशाचे ते सुगीचे दिवस होते. परंतु १८९५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत समझोता केला व चढाओढ संपली. ज्याला आज आपण संगनमत म्हणू, त्याच स्वरूपाची ही व्यवस्था होती. समुद्र तोच, बोटी त्याच. भाडे मात्र दोन कार्यालयांतील पत्रव्यवहाराने ठरू लागले. हाच प्रकार पुढे विमानांच्या बाबतीतही घडला, म्हणून त्याची येथे विशेष नोंद घेतली आहे.

१ फेब्रुवारी १९०१ रोजी न्यूझीलंड सरकारने पर्यटन व आरोग्यस्थळे यांचे स्वतंत्र खाते सुरू केले. राष्ट्रीय पातळीवरील असे खाते स्थापन करणाऱ्या जगातील अगदी पहिल्या देशांत न्यूझीलंडची गणना होते. रोटोरुआ येथील उष्ण झऱ्यांवर सरकारी स्नानगृह बांधून ते १९०८ मध्ये खुले करण्यात आले. या खात्याने सिडनी व मेलबर्न येथेही कार्यालये थाटली, कारण येणारा पाहुणा बहुतांशी समुद्रापलीकडचा शेजारीच होता. तथापि हा पाहुणा सुखवस्तू होता. बोटीने तीन-चार दिवस जायला व तेवढेच परतायला लागत. ज्याची रजा म्हणजे बिनपगारी दिवस, अशा कारखान्यातील कामगाराला बायकामुलांसह हा प्रवास झेपणारा नव्हता. 'वांगनेला' (१९३३) व 'आवाटेआ' (१९३६) या टास्मान मार्गावरील दिमाखदार बोटी. त्यांपैकी 'आवाटेआ' दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात बुडाली आणि 'वांगनेला' जानेवारी १९४७ मध्ये वेलिंग्टन बंदराच्या तोंडाशी खडकावर आदळली. ती वाचली, दुरुस्त होऊन पुन्हा फिरू लागली. परंतु आगबोटींचे युग तोवर उतरणीला लागले होते.

रजा आणि तिकीट

स्वस्त प्रवासाच्या इतिहासात यंत्रांना जेवढे श्रेय दिले जाते तेवढे कायद्यांना दिले जात नाही. १९४४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. न्यूझीलंडने त्या वर्षी वार्षिक रजेचा कायदा करून कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. न्यू साऊथ वेल्स राज्यातही त्याच वर्षी तशाच स्वरूपाचा कायदा झाला. कुटुंबाने सुटीला जाणे ही कल्पना कामगार वस्तीत रुजली ती येथून. तंबू, मोटारीमागे जोडलेली चाकांवरची खोली, सामायिक स्वयंपाकघर असलेला 'मोटर कॅम्प' ही त्या पिढीची साधने होती. त्यापूर्वी १९३२ मध्येच क्राइस्टचर्च येथे कोरा वाइल्डिंग यांच्या पुढाकाराने न्यूझीलंडमधील युवा वसतिगृहांची चळवळ सुरू झाली होती. (या संस्थेने स्वतः चालविलेली वसतिगृहे महामारीच्या तडाख्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये बंद केली, याची हळहळ वाटते.) १९६२ मध्ये कुकच्या सामुद्रधुनीत 'आरामोआना' ही रेल्वेचे डबे व मोटारी वाहून नेणारी नाव सुरू झाली आणि आपली मोटार घेऊन उत्तर बेटावरून दक्षिण बेटावर जाणे सोपे झाले. योगायोग असा की त्याच वर्षी सिडनी-मेलबर्न लोहमार्ग एका मापाचा झाला. तोपर्यंत ऑल्बरी येथे प्रवाशांना गाडी बदलावी लागे. देशांतर्गत सुटी अशी आवाक्यात आली. समुद्र ओलांडणे मात्र अजून महाग होते.

हवाई मार्ग

चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०-११ सप्टेंबर १९२८ रोजी 'सदर्न क्रॉस' विमानातून सिडनी ते क्राइस्टचर्च हे अंतर चौदा तास पंचवीस मिनिटांत पार केले. त्याच वर्षी जानेवारीत दोन न्यूझीलंडवासी वैमानिक हाच प्रयत्न करताना बेपत्ता झाले होते. नियमित वाहतूक ३० एप्रिल १९४० रोजी 'टील' कंपनीच्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने सुरू झाली. ऑकलंड-सिडनी प्रवासास सुमारे नऊ तास लागत. १९५४ मध्ये धावपट्टीवर उतरणारी डीसी-६ विमाने आली, १९६५ मध्ये जेट विमाने आली आणि त्याच वर्षी 'टील'चे 'एअर न्यूझीलंड' झाले.

वेग वाढला तरी भाडे त्या प्रमाणात उतरले नाही. समुद्राच्या एका काठावर क्वांटास ही सरकारी कंपनी, दुसऱ्या काठावर एअर न्यूझीलंड ही सरकारी कंपनी, व दोन्ही सरकारे करारान्वये उड्डाणे वाटून घेणारी. १८९५ च्या समझोत्याची ही सरकारी आवृत्ती होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९८३ मध्ये दोन्ही देशांत निकट आर्थिक संबंधांचा करार होऊन मालाचा व्यापार हळूहळू खुला झाला. विमानांचे आकाश मात्र बंदच राहिले. ते खुले करण्याचे ठरूनही ऑक्टोबर १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाने ऐनवेळी माघार घेतली.

कोंडी फोडली ती एका लहान कंपनीने. १९९५ मध्ये हॅमिल्टन या मध्यम आकाराच्या शहरातून 'किवी इंटरनॅशनल' नावाची कंपनी स्वस्त भाड्यात ऑस्ट्रेलियाला उड्डाणे करू लागली. तिला तोंड देण्यासाठी एअर न्यूझीलंड समूहाने त्याच वर्षअखेर 'फ्रीडम एअर' उभी केली. सप्टेंबर १९९६ मध्ये किवी इंटरनॅशनल कोसळली व तिचे प्रवासी दोन्ही काठांवर अडकून पडले. परंतु हॅमिल्टन, डनिडिन, पामर्स्टन नॉर्थ अशा शहरांतील कुटुंबांना एकदा लागलेली चव सुटली नाही. या शहरांतून थेट उड्डाण मिळाल्यामुळे कुटुंबाचा ऑकलंडपर्यंत जाण्याचा व तेथे रात्र काढण्याचा खर्च वाचला. हा खर्च तिकिटावर छापलेला नसतो, पण पाच जणांच्या कुटुंबाला तोच नडतो. १९९६ मध्येच दोन्ही देशांनी सामायिक हवाई बाजारपेठेचा करार केला. नंतर २००३ मध्ये आखाती कंपनी एमिरेट्स या मार्गावर उतरली, २००४ च्या जानेवारीत पॅसिफिक ब्लू आली आणि २००५ मध्ये जेटस्टार. फ्रीडम एअर २००८ मध्ये बंद झाली, तेव्हा तिचे काम होऊन गेले होते.

शेजारी कोणाला म्हणावे ?

येथवरचा इतिहास वाचून असा समज होईल की स्पर्धा आली व सर्वांसाठी समुद्र अरुंद झाला. हे 'सर्व' कोण, हे तपासणे आवश्यक आहे.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने १९०१ मध्येच स्थलांतर निर्बंध कायदा केला. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा मजकूर ऐकून लिहिण्याची परीक्षा त्यात होती, व नको असलेल्या माणसाला ती नापास करण्यासाठीच घेतली जात असे. ही परीक्षा १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. न्यूझीलंडने १९२० मध्ये ब्रिटिश वंशाच्या नसलेल्यांसाठी परवाना पद्धत आणली. याला एक लहानशी फट होती. १९०४ च्या व्यवस्थेनुसार पारपत्र घेऊन आलेल्या भारतीय व्यापारी, विद्यार्थी व पर्यटकांना ऑस्ट्रेलियात ही परीक्षा माफ होती. त्यांनी मुदतीत परत जावे एवढीच अट होती. म्हणजे भारतीय माणूस पाहुणा म्हणून चालत होता, शेजारी म्हणून नव्हे.

या प्रकरणात पुण्याशी असलेला एक संबंध फारसा चर्चिला जात नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे तत्कालीन अध्यक्ष व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा या देशांत गेले. तेथे आधीच स्थायिक असलेल्या भारतीयांना नागरिकत्वाचे हक्क मिळावेत, हा त्या दौऱ्याचा हेतू होता. ऑस्ट्रेलियाने १९२५ मध्ये कायदा बदलून ब्रिटिश भारतात जन्मलेल्या रहिवाशांना संघीय मताधिकार दिला, त्यामागे या दौऱ्याचा वाटा होता. नव्याने येणाऱ्यांसाठीचे दार मात्र तसेच राहिले, आणि शास्त्री यांनी ते उघडण्याची मागणीही केलेली नव्हती. एकाच प्रवासात हे दोन देश पाहणाऱ्या आरंभीच्या भारतीयांपैकी ते एक. पण ती सहल नव्हती, गाऱ्हाणे घेऊन केलेली वारी होती.

टास्मान समुद्रावरील मुक्त ये-जाही दीर्घकाळ रंगाने ठरत असे. युरोपीय वंशाचा न्यूझीलंडवासी सिडनीला सहज उतरू शके. न्यूझीलंडमध्येच वाढलेल्या भारतीय किंवा चिनी वंशाच्या कुटुंबाला आधी परवानगी मिळवावी लागे. जानेवारी १९७३ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम व नॉर्मन कर्क यांनी टास्मानपार प्रवासाची व्यवस्था जाहीर केली, तेव्हा हा भेद मिटला. दोन्ही देशांचे नागरिक व तेथे स्थायिक असलेले राष्ट्रकुलातील नागरिक वंशाचा विचार न होता ये-जा करू लागले. १९८१ पासून ऑस्ट्रेलियाने पारपत्र आवश्यक केले आणि १९९४ पासून न्यूझीलंडच्या नागरिकांना विमानतळावरच विशेष प्रकारचा व्हिसा मिळू लागला. आमचा ऑकलंडचा पुतण्या याच व्यवस्थेच्या आधारे नाताळात मेलबर्नला आपल्या चुलत बहिणीकडे जातो. त्याच्या काकांना मात्र, म्हणजे लेखिकेच्या सासऱ्यांना, तोच समुद्र ओलांडण्यासाठी दोन देशांच्या दोन परवानग्या, दोन शुल्के व दोन वेळा बँकेची तीच कागदपत्रे लागतात.

ही अपरिहार्यता आहे काय ? २०१५ च्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेने याचे उत्तर दिले आहे. ती स्पर्धा दोन्ही देशांनी मिळून भरविली होती, आणि २६ जानेवारी ते ५ एप्रिल २०१५ या काळात ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असलेल्या प्रवाशाला न्यूझीलंडसाठी वेगळा अर्ज करावा लागला नाही. भारताचे आयर्लंड व झिंबाब्वेविरुद्धचे सामने अनुक्रमे हॅमिल्टन व ऑकलंड येथे झाले, बाकीचे ऑस्ट्रेलियात. सामन्यासाठी जे दहा आठवडे करता आले, ते आजीआजोबांच्या भेटीसाठी का करता येऊ नये, असा प्रश्न पडतो.

उलट टोकाचे उदाहरण २०२१ मधील आहे. महामारीमुळे बंद झालेल्या सीमा १९ एप्रिल २०२१ रोजी या दोन देशांनी केवळ एकमेकांसाठी, विलगीकरणाविना खुल्या केल्या. २३ जुलै रोजी ही सोय थांबविण्यात आली. त्याच एप्रिलमध्ये न्यूझीलंडने भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही काही दिवस प्रवेश बंद केला होता आणि मेच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियाने तसेच केले. रोगाचे भय खरे होते. तथापि शेजारी कोण व पाहुणा कोण, याची यादी त्या आठवड्यांत कोणालाही वाचता येईल इतकी स्पष्ट झाली होती.

न्यूझीलंडने २०१९ पासून परदेशी पाहुण्यांवर ३५ डॉलरचा कर बसविला, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून १०० न्यूझीलंड डॉलर झाला. ऑस्ट्रेलियाचे नागरिक व कायम रहिवासी यांना तो लागू नाही. ऑस्ट्रेलियाचा प्रवासी कर १ जुलै २०२४ पासून ७० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे व तो तिकिटातच धरलेला असतो.

आमच्या अंदाजपत्रकाविषयी

या इतिहासाचा आमच्या नियोजनावर थेट परिणाम झाला. टास्मान ओलांडण्याचे भाडे स्पर्धेमुळे आता जाचक राहिलेले नाही. खर्चाच्या क्रमात ते आमच्याकडे चौथे आले. पहिल्या क्रमांकावर भारतातून जाण्या-येण्याचे भाडे, दुसऱ्यावर तेथील अंतर्गत प्रवास, तिसऱ्यावर दोन देशांच्या परवानग्या. म्हणून मेलबर्नला उतरून ऑकलंडहून परतावयाचे आणि समुद्र एकदाच ओलांडावयाचा, असे ठरविले. जाऊन परत त्याच शहरी येण्यात एक फेरी वाया जाते. प्रत्येक देशाचा एकच भाग पाहावयाचा. सिडनी, गोल्ड कोस्ट, क्वीन्सटाऊन सर्व 'करण्याचा' मोह सोडला की निम्मा खर्च आपोआप गळतो. महाविद्यालयाची व शाळेची सुटी मे महिन्यात असते, तेव्हा तिकडे शरद ऋतू संपत आलेला असतो. नाताळ-जानेवारीची त्यांची सुटी मागे पडलेली आणि बर्फाचा हंगाम अद्याप सुरू न झालेला. थंडी सोसावी लागेल, पण मुक्कामाचे दर त्या काळात साधारणतः उतरलेले असतात.

न्यूझीलंडच्या निसर्गसंवर्धन खात्याकडे रानावनात नऊशेहून अधिक झोपड्या आहेत व त्यांचे भाडे माफक असते. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घेऊन तेथवर चालत जाणे कठीण. मोटर कॅम्पमधील खोली व सामायिक स्वयंपाकघर हा पर्याय आम्हांस अधिक रुचला. १९४४ नंतरच्या कामगार कुटुंबांनी घडविलेली ही सोय अजून टिकून आहे आणि वरण-भात करणाऱ्यांना ती फार मानवते. फक्त गोडा मसाला, लोणचे, लाडू असे जे काही बरोबर असेल ते उतरताना अर्जावर नोंदवावयास हवे. न नोंदविलेल्या खाद्यपदार्थासाठी न्यूझीलंडमध्ये जागीच ४०० डॉलर दंड होतो, आणि ऑस्ट्रेलियाचे नियमही तितकेच कडक आहेत. मसाल्याचा डबा घरीच ठेवावा, असे लेखिकेचे मत आहे. सासूबाई हयात असत्या तर त्यांनी ते मानले नसते.

अंदाजपत्रकाचा कागद सध्या सासऱ्यांच्या टेबलावर आहे. शिक्षकी सवयीने त्यांनी त्यात लाल शाईने दोन बेरजा दुरुस्त केल्या आहेत. त्यांच्या पारपत्राची मुदत संपत आली आहे; ते नव्याने हाती आल्यावर आधी मुलीच्या देशाचा अर्ज भरावयाचा की पुतण्याच्या, हे त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.